डॉक्टरांच्या हाताला गुण येतो कुठून?

रोग तोच, औषधही तेच. तरी एका डॉक्टरांचा गुण येतो आणि दुसऱ्यांचा येत नाही, असे का होते? रुग्णाचे ऐकून घेणे आणि त्याला इतरांहून वेगळा माणूस म्हणून ओळखणे, हा केवळ चांगुलपणाचा भाग नाही. तो उपचाराचाच एक भाग आहे.

"त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो!" हे वाक्य मराठी घरात कोणी ऐकले नसेल असे होणार नाही. चाळीत किंवा सोसायटीत नवे बिऱ्हाड राहायला आले, की शेजारच्या काकू दूधवाला, वाणी आणि इस्त्रीवाला यांच्यासोबत डॉक्टरही सुचवतात. त्यांची पदवी कोणती, हे फारसे कोणी विचारत नाही. "त्यांच्या दारात पाऊल टाकलं तरी निम्मं दुखणं पळतं," एवढी शिफारस पुरते.

चिकित्सक वाचक म्हणतील, की हातगुण वगैरे सब झूठ आहे. जंतू मरतात ते प्रतिजैविकाने. मग ती गोळी कोणीही लिहून दिलेली असो. हे अगदी खरे आहे. पण ती गोळी योग्य रोगावर दिली गेली का? रुग्णाने ती ठरलेल्या दिवसांपर्यंत घेतली का, की दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडून दिली? डॉक्टर रागावतील या भीतीने त्याने काही लपवले तर नाही? या गोष्टी औषधाच्या बाटलीत नसतात. डॉक्टरांची खुर्ची आणि रुग्णाचे स्टूल यांच्यामध्ये जे दोन हात अंतर असते, तिथे त्या ठरतात. हातगुणाचे रहस्य शोधायचे असेल, तर ते तिथेच शोधावे लागेल.

अठरा सेकंदांचे ऐकणे

रुग्ण स्टुलावर बसतो. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" रुग्ण बोलू लागतो. त्याला किती वेळ बोलू दिले जाते?

अमेरिकेतील दोन संशोधकांनी, हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी, १९८४ साली याचे उत्तर घड्याळ लावून शोधले. त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. सरासरी अवघ्या १८ सेकंदांत डॉक्टर रुग्णाला मध्येच थांबवत होते. आपले म्हणणे पूर्ण मांडू शकलेले रुग्ण शंभरात २३ होते. पंधरा वर्षांनी, १९९९ साली, अशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हा वेळ २३ सेकंदांपर्यंत आला होता. म्हणजे पंधरा वर्षांत प्रगती झाली ती पाच सेकंदांची!

डॉक्टर यावर म्हणतील, "एकेकाला बोलू दिलं तर संध्याकाळ होईल." या शंकेचेही उत्तर शोधले गेले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील रुग्णालयात डॉक्टरांना सांगण्यात आले, की रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत त्याला मध्ये तोडायचे नाही. ३३५ रुग्णांची नोंद झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत रुग्ण सरासरी फक्त ९२ सेकंद बोलले. शंभरातील ७८ जणांनी दोन मिनिटांच्या आत आपले म्हणणे संपवले. न संपणारे पुराण लावणारे रुग्ण असतात, नाही असे नाही. पण ते मोजकेच असतात.

दोन मिनिटे ऐकायला काय हरकत आहे, असे आपल्याला वाटेल. पण आपल्याकडे संपूर्ण भेटच तेवढ्या वेळाची असते. २०१७ साली ६७ देशांतील माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचार करणारे डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे देत होते, तर बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा होता सुमारे दोन मिनिटे. या दोन मिनिटांत नाव विचारणे, तपासणे, चिठ्ठी लिहिणे आणि "पुढचा!" अशी हाक मारणे हे सारेच आले.

दुखणे एक, शब्द अनेक

ऐकून घेण्याला एवढे महत्त्व का, हे पाहण्यासाठी आपल्या मराठी भाषेकडेच बघा. इंग्रजीत केसपेपरवर एकच शब्द लिहिला जातो, 'पेन'. आपल्याकडे मात्र दुखण्याला किती शब्द आहेत! कळ येते, चमक मारते, ठणका लागतो, उसण भरते, शिणक येते. गळू ठसठसते, पोटात मुरडा येतो, छातीत जळजळते, पायांना मुंग्या येतात, डोके भणभणते.

हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ठसठसणे म्हणजे तिथे सूज किंवा पू असण्याची शक्यता. मुरडा हा आतड्यांचा. पायांना मुंग्या येतात आणि तळव्यांची आग होते, असे मधुमेही माणूस सांगू लागला, तर नसांवर परिणाम सुरू झाला आहे का, हे पाहायला हवे. घरची आजी जो शब्द सहज वापरते, तो निदानाची अर्धी वाट दाखवून देत असतो.

याची सर्वांत गंभीर बाजू हृदयविकाराच्या झटक्यात दिसते. "छातीत दुखतंय का?" असे घाईने विचारले, तर कित्येक रुग्ण "नाही" असे उत्तर देतात, आणि ते खोटे बोलत नसतात. त्यांना दुखत नसते, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटत असते. कोणाला नुसते दडपण, कोणाला जबड्यात अवघडल्यासारखे, कोणाला दम लागून घाम फुटणे. स्त्रिया आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्यात अशी वेगळी लक्षणे अधिक प्रमाणात आढळतात. 'दुखत नाही' एवढेच ऐकून अॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलेला रुग्ण आणि "दुखत नाही, मग नेमकं काय होतंय? तुमच्या शब्दांत सांगा," असे विचारून वेळेवर ईसीजी काढलेला रुग्ण, यांच्यात कधी कधी जीवन-मरणाचे अंतर असते.

कीव नको, समानुभूती हवी

रुग्णाविषयी सहानुभूती असावी, हे सगळेच म्हणतात. पण सहानुभूती या शब्दाला आपल्याकडे थोडी कीव येऊन चिकटली आहे. "अरेरे, बिचारा!" म्हणण्याने रुग्णाचे काही भले होत नाही. उलट डॉक्टरच गहिवरले, तर रुग्णाचा धीर सुटेल. जाणकार म्हणूनच 'समानुभूती' हा शब्द वापरतात. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याला काय वाटत असेल हे समजून घेणे, आणि आपल्याला ते समजले आहे हे त्याला कळू देणे, असा त्याचा अर्थ. यात डोळ्यांत पाणी आणण्याची गरज नाही, लक्ष देण्याची आहे.

या समानुभूतीचा आजारावर खरोखरच परिणाम होतो का? अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातील मोहम्मदरझा होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांची समानुभूती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. मग त्यांनी २९ डॉक्टर आणि त्यांचे ८९१ मधुमेही रुग्ण यांचा अभ्यास केला. ज्या डॉक्टरांना अधिक गुण मिळाले होते, त्यांच्या शंभरातील ५६ रुग्णांची साखर चांगली आटोक्यात होती. कमी गुण मिळालेल्या डॉक्टरांच्या बाबतीत हा आकडा ४० होता. हा अभ्यास २०११ सालचा.

पुढच्याच वर्षी इटलीतील पार्मा येथून याहून मोठा अभ्यास आला. त्यात २४२ डॉक्टर आणि जवळजवळ २१ हजार मधुमेही रुग्ण होते. साखर एकदम चढून रुग्णालयात दाखल करावे लागण्यासारख्या तीव्र गुंतागुंतीचे प्रमाण जास्त समानुभूती असलेल्या डॉक्टरांकडे हजारी ४ होते, तर कमी समानुभूती असलेल्यांकडे हजारी साडेसहा. समानुभूती हेच यामागचे एकमेव कारण, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण ज्या रुग्णाला डॉक्टरांचा विश्वास वाटतो, तो पथ्य मोडल्याचे कबूल करतो, गोळ्यांचा त्रास होतो हे सांगतो आणि पुढच्या तपासणीला वेळेवर येतो. मधुमेहात निम्मी लढाई हीच असते.

दोन गोड शब्दांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाही कमी होऊ शकतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वैद्यकशास्त्रात आजही सांगितला जातो. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी काहींना भूलतज्ज्ञ आदल्या रात्री भेटले. उद्या शुद्धीवर आल्यावर कुठे दुखेल, किती दुखेल, का दुखेल आणि ते कमी करण्यासाठी कूस कशी वळायची, श्वास कसा घ्यायचा, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. शस्त्रक्रियेनंतरही ते त्यांना भेटत राहिले. या रुग्णांना वेदनाशामक औषध इतरांच्या निम्मेच लागले आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले. त्यांना घरी कधी सोडायचे हे ठरवणाऱ्या सर्जनना कोणत्या रुग्णाला अशी माहिती दिली आहे, हे ठाऊक नव्हते!

एकच रिपोर्ट, दोन माणसे

आता दुसरा मुद्दा. ऐकून घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच समोरचा माणूस वेगळा आहे हे ओळखणे महत्त्वाचे.

समजा, दोन रुग्णांची रक्तातील साखर अगदी सारखी आहे. एक कल्याणहून रोज सकाळची लोकल पकडून फोर्टला जाणारे कारकून, दुसऱ्या एकत्र कुटुंबातील गृहिणी. दोघांच्याही हातात छापील आहारतक्ता दिला जातो. त्यात लिहिलेले असते, की दर तीन तासांनी थोडे थोडे खा. कारकुनांना गर्दीच्या गाडीत डबा उघडायलाही जागा नसते. गृहिणी घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर दुपारी तीनला जेवतात, त्यांना गुरुवार आणि चतुर्थीचा उपास असतो आणि उपासाला त्या साबुदाण्याची खिचडी खातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने साखर झपाट्याने वाढते. दोघांचीही साखर पुढच्या महिन्यात वाढलेलीच निघते आणि दोघांनाही बोलणी बसतात. चूक त्यांची की तक्त्याची? "तुम्ही जेवता कधी? उपास कोणते करता?" हे दोन प्रश्न विचारले असते, तर तक्ता वेगळा झाला असता.

माणसामाणसांत असा फरक केवळ राहणीमानातच नसतो, तो रक्तातही असतो. इंग्लंडचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली एका आनुवंशिक विकाराचा अभ्यास करताना असे मांडले, की प्रत्येक माणसाचा चेहरा जसा वेगळा, तशी त्याच्या शरीरातील रासायनिक घडणही वेगळी असते. त्या वेळी याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे मलेरियावरच्या प्रायमाक्विन या औषधाने काही जणांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून त्यांना कावीळ आणि तीव्र रक्तक्षय होतो, असे दिसले. इतरांना मात्र तेच औषध बिनतक्रार मानवत होते. १९५६ साली अमेरिकी संशोधकांनी याचे कारण शोधले. या लोकांच्या तांबड्या पेशींत 'जी६पीडी' नावाचे विकर जन्मतःच कमी होते. आपल्याकडे हा दोष पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत तुलनेने अधिक आढळतो. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला मारू शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण कोणते?

आपल्या परंपरेलाही ही कल्पना नवी नाही. वात, पित्त, कफ यांनुसार माणसाची प्रकृती ठरवण्याची आयुर्वेदाची पद्धत आधुनिक कसोट्यांवर कितपत उतरते, हा वेगळा विषय आहे. पण रोगाआधी रोगी पाहावा, त्याचा देश, वय, बळ, आहार आणि सवयी विचाराव्यात, हा आग्रह त्यात आहे. चरकसंहितेत तर उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. रुग्ण हा केवळ ज्याच्यावर उपचार करायचे तो नव्हे, उपचार करणाऱ्यांपैकीच एक आहे, हा त्याचा अर्थ.

रुग्ण 'माणूस' म्हणून दिसला की डॉक्टरांचे कामही सुधारते. जेरुसलेममधील एका रुग्णालयात सीटी स्कॅनसोबत रुग्णाचा फोटो जोडण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली मांडण्यात आले. रुग्णाला प्रत्यक्ष कधीही न भेटणाऱ्या रेडिओलॉजिस्टांनी सांगितले, की फोटो पाहिल्यावर त्या माणसाशी अधिक जवळीक वाटली. पुढे तीन महिन्यांनी काही स्कॅन फोटो न जोडता पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा पूर्वी टिपलेल्या अनपेक्षित दोषांपैकी बहुतेक त्यांच्या नजरेतून निसटले!

गडचिरोलीत बदललेले हॉस्पिटल

रुग्णांचे ऐकायचे ठरवले तर काय घडू शकते, हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दाम्पत्याने १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी रुग्ण मोठ्या दवाखान्यात यायला का बिचकतात, हे त्यांनी त्यांनाच विचारले. उत्तरे पुस्तकात न सापडणारी होती. तुमच्या इमारती मोठ्या, आत शिरले की माणूस हरवतो. नातेवाइकांना रात्री थांबू देत नाहीत. तिथे आमचा देव नसतो. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो!

यावर 'अडाणी लोक' म्हणून हसता आले असते. बंग दाम्पत्याने हॉस्पिटलच बदलले. शोधग्राममधले त्यांचे हॉस्पिटल आदिवासी खेड्यासारखे झोपड्यांचे बांधले गेले. रुग्णासोबत नातेवाइकांना राहण्याची सोय झाली आणि हॉस्पिटलला आदिवासींच्या देवीचे नाव मिळाले, 'माँ दंतेश्वरी दवाखाना'.

डॉ. राणी बंग यांनी केलेले दुसरे काम तर जगाच्या वैद्यकशास्त्राला धक्का देणारे ठरले. ग्रामीण स्त्रियांचे आजार म्हणजे बाळंतपण, असे तोपर्यंत धरले जात होते. त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांशी बोलून त्यांची तपासणी केली. शंभरातील ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी प्रत्येकीला साडेतीनहून अधिक. आणि याआधी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त आठ. 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात १९८९ साली हे निष्कर्ष छापून आले. रोग होताच, त्या स्त्रिया तो सोसतही होत्या. त्यांच्या भाषेत, त्यांना संकोच वाटणार नाही अशा रीतीने विचारणारे कोणी नव्हते.

याच संकोचापायी स्त्रियांचे जीव जातात, हे त्याच्या शंभर वर्षे आधी आनंदीबाई जोशी यांनी ओळखले होते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, कारण पुरुष डॉक्टरांना त्या आपले दुखणे सांगू शकत नाहीत, हेच त्यांच्या जाण्याचे कारण होते. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले आणि ते काम त्यांच्या हातून राहून गेले.

औषध संपते तेव्हा

काही आजार बरे होत नाहीत. अशा वेळी "आता आमच्या हातात काही नाही," हे वाक्य ऐकून नातेवाईक रुग्णाला घरी घेऊन जातात. खरेच हातात काही नसते का?

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका आणि शेवटी वयाच्या तिशीनंतर शिकून डॉक्टर झाल्या. मरणाच्या दारातील रुग्णांचे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकून घेतले. त्यांच्या लक्षात आले, की कर्करोगाच्या रुग्णाची वेदना केवळ गाठीची नसते. मुलांचे काय होणार ही चिंता, पैशांची काळजी, आपण ओझे झालो ही बोच आणि 'माझ्याच वाट्याला हे का?' हा प्रश्न, हे सारे मिळून ती वेदना होते. त्यांनी तिला 'समग्र वेदना' असे नाव दिले आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतात मुंबईच्या वांद्र्यात १९८६ साली 'शांती अवेदना आश्रम' उभा राहिला. केरळात कालिकतला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचे काम सुरू केले. त्यातून घरोघरी जाऊन असाध्य रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे केरळभर पसरले. कोणाची जखम धुऊन देणे, कोणाच्या मुलांची शाळेची पुस्तके पाहणे, दोन्ही त्यांच्या लेखी उपचारच असतात.

आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांना कसे विसरता येईल? १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर अरुणा शानबाग ही तिथलीच परिचारिका जवळजवळ ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होती. २०१५ साली तिचे निधन झाले. सेवेत रुजू होणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला न्हाऊ-माखू घातले, भरवले. तिच्या दयामरणाची मागणी २०११ साली फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले गेले नव्हते. ज्यांनी कधी ना कधी घरातील आजारी माणसाचे केले आहे, त्यांनाच यामागचे कष्ट कळतील.

डॉक्टरांचीही बाजू आहे

हे सारे वाचून डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टर सलग छत्तीस-छत्तीस तास उभे असतात. ओपीडीत एका सकाळी शंभर-दीडशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रत्येकाचे घरचे हालहवाल विचारा, असे सांगणे हा क्रूर विनोद होईल.

शिक्षणातही काहीतरी चुकते. होजात यांनीच २००९ साली दाखवून दिले, की वैद्यकीय विद्यार्थ्यांची समानुभूती तिसऱ्या वर्षी घसरते. म्हणजे नेमकी ते वॉर्डात रुग्णांना भेटू लागतात, तेव्हाच! 'बेड नंबर बारा' आणि 'लिव्हरची केस' ही भाषा तिथेच तोंडी बसते. भारतात २०१९ सालापासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा समावेश झाला, ही समाधानाची गोष्ट. वाईट बातमी कशी सांगावी, रुग्णाची संमती कशी घ्यावी, हे आता शिकवले जाते. मात्र वरिष्ठ डॉक्टर वॉर्डात कसे वागतात, हे पाहूनच विद्यार्थी अधिक शिकतात.

भीतीचाही प्रश्न आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णांना न्यायाचे दार उघडले, ते योग्यच झाले. पण न्यायाच्या दाराऐवजी मुठीचा वापरही वाढला. महाराष्ट्राला डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका तरुण डॉक्टरांना इतकी मारहाण झाली, की त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर काम थांबवून बसले. ज्याला समोरच्या नातेवाइकांचीच धास्ती वाटते, तो मन मोकळे करून कसा बोलणार? असा डॉक्टर जास्तीच्या तपासण्या लिहून देतो, मोजके बोलतो आणि स्वतःला सांभाळतो. नुकसान पुन्हा रुग्णाचेच होते.

आपण काय करू शकतो?

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत त्या दोन मिनिटांचे सोने करणे बरेचसे आपल्याही हातात आहे.

• जाण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: काय होते, केव्हापासून होते आणि कशाने वाढते किंवा कमी होते. मुख्य तक्रार सर्वांत आधी सांगा. उठताना, दाराशी पोहोचल्यावर "आणि हो, छातीतही भरून येतं," असे सांगू नका.

• दुखणे आपल्या शब्दांत सांगा. ऐकीव इंग्रजी नावे वापरू नका. 'अॅसिडिटी झाली' म्हणण्यापेक्षा 'जेवल्यावर तासाभराने इथे जळजळतं' हे अधिक उपयोगी.

• चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून न्या. त्यात वैद्यांची चूर्णे, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्याही आल्या. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला असेल, तर तो आवर्जून सांगा.

• उपास, रात्रपाळी, तंबाखू, दारू, पैशांची अडचण, यांतले काही लपवू नका. महागडी गोळी परवडत नसेल तर तसे स्पष्ट म्हणा. बहुधा स्वस्त पर्याय असतो. न परवडणारी गोळी एक दिवसाआड घेण्याने मात्र घात होतो.

• "इंजेक्शनच द्या" किंवा "सलाइन लावा" असा हट्ट धरू नका. गरज नसताना सुई टोचून घेणे म्हणजे चांगला उपचार नव्हे.

• निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनाच परत सांगून दाखवा: "म्हणजे ही गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि ताप तीन दिवसांत उतरला नाही तर परत यायचं, बरोबर ना?" समजुतीतली चूक तिथल्या तिथे सुधारते.

• वयस्क रुग्णासोबत गेलात, तर आधी त्यांना बोलू द्या. आजोबांच्या पोटात काय होते, हे आजोबांना अधिक ठाऊक असते.

• शक्य असेल तर घराचा एक डॉक्टर ठेवा. खोकल्याला एक, पोटाला दुसरा आणि गुडघ्याला तिसरा, अशाने आपल्याला संपूर्ण ओळखणारे कोणीच उरत नाही.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जुने फॅमिली डॉक्टर आठवून पाहा. त्यांच्याकडे स्कॅन नव्हते. कंपाउंडर लाल मिक्सरची बाटली भरून त्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देत असे. त्या मिक्सरपेक्षा आजची औषधे कितीतरी गुणकारी आहेत आणि पूर्वी ज्या आजारांनी घरेच्या घरे उजाड होत, ते आज बरे होतात. त्या काळात परत जाण्याची इच्छा कोणी धरू नये. पण घरात दम्याचा त्रास कोणाला, पेनिसिलिन कोणाला चालत नाही, सुनेचे पहिले बाळंतपण कसे अवघड गेले आणि आजोबा गेल्यापासून आजी का जेवत नाहीत, हे त्या डॉक्टरांना चिठ्ठी न पाहता माहीत असे.

बोस्टनचे डॉक्टर फ्रान्सिस पीबॉडी यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रख्यात व्याख्यानात हेच मांडले होते. रुग्णालयातील खाटेवर पडलेला माणूस त्याच्या घरादारासकट, कामधंद्यासकट आणि आशा-भीतीसकट पाहावा लागतो. रुग्णाची काळजी घेण्याचे मर्म, त्याच्याविषयी काळजी वाटण्यात आहे. हे लेखन छापून आले, त्या वर्षी पीबॉडी स्वतः कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी, ते गेले.

तेव्हा, हाताला गुण येतो कुठून? थोडा औषधातून, थोडा ज्ञानातून आणि बराचसा कानांतून. ज्या डॉक्टरांनी तुमचे नाव विचारले, तुमच्याकडे पाहिले आणि तुमचे वाक्य पूर्ण होऊ दिले, त्यांना धरून ठेवा. आणि पुढच्या भेटीत, बाहेर वाट पाहणाऱ्यांची रांग लक्षात ठेवून, तुमचे म्हणणे ९२ सेकंदांत सांगून टाका!